पेढ्याचा नमस्कार

१

१९९५ साल, जानेवारी महिना. संक्रांत होऊन गेली होती, रथसप्तमी यायची होती. त्या रविवारी दुपारी माझ्याकडे हळदीकुंकू होतं.

मयूर विहारला तेव्हा कुणी दिल्ली म्हणत नसे. मेट्रो नव्हती, आणि यमुनेच्या पुलावरची बस धुक्यात अडकली की ऑफिसात अर्धी रजा लागायची. केंद्र सरकारच्या नोकरीतल्या आम्ही काही मराठी कुटुंबांनी मिळून सोसायटी काढली होती. वर्षानुवर्षं वाट पाहून, सरकारी क्वार्टर सोडून, एकदाचे आपापल्या भिंतींत राहायला आलो होतो. पलीकडे नोएडात रोज एखाद्या नव्या कंपनीची पाटी लागायची, आणि कालपर्यंत आमच्या खिडक्या फोडणारी क्रिकेटवाली मुलं टाय लावून तिकडे कामाला जायची.

समोरच्या फ्लॅटमधला जयंतही तिकडेच कामाला, वयाने मात्र त्यांच्याहून बराच मोठा. टीव्ही बनवणाऱ्या परदेशी कंपनीत तो भराभर वर चढला होता. पण सोसायटीत त्याचं नाव निघायचं ते वडिलांच्या सेवेसाठी. श्रीपादराव उपसचिव म्हणून निवृत्त झाले आणि थोड्याच दिवसांत त्यांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली, वाचाही गेली. जयंतने नागपूरहून लांबच्या नात्यातली सुरेखा दिवसाच्या मदतीला आणली. ऑफिसातून आल्यावरचं आणि सुट्टीच्या दिवशीचं सगळं तो स्वतः करायचा. सोसायटीतल्या बायका आपापल्या मुलांना सांगायच्या, "जयंतदादासारखं व्हा."

त्या घरात एक कुत्राही होता. जयंतच्या मुलीने, सलोनीने, रस्त्यावरून उचलून आणलेलं पिल्लू. रंग खमंग भाजलेल्या खव्याचा, म्हणून नाव पेढा. हा पेढा नमस्कार करायचा, आणि त्याचं आम्हा सगळ्यांना भारी कौतुक. जयंत घरात शिरला की तो खाली वाकून, कान मागे टाकून, शेपटीने जमीन झाडत यायचा, ओठ मागे ओढून हसायचा आणि पुढचा एक पंजा उचलून उभा राहायचा. कुणी शिकवलेलं नव्हतं. आणि करायचा तो फक्त जयंतला. आम्हा लोकांना कुत्र्यातही संस्कार दिसले.

त्याच वेळी खुर्चीतले श्रीपादराव आपला चालता डावा हात कपाळापर्यंत उचलायचे. "बापाचा आशीर्वाद आणि कुत्र्याचा नमस्कार, दोन्ही एकाच दारात," असं कुणीतरी म्हणालं होतं, आणि ते सोसायटीभर झालं होतं.

तर त्या दुपारी मी तिळगूळ वाटत होते. जयंतची बायको देविका माझ्या शेजारी अत्तरदाणी घेऊन उभी होती. सलोनी बायकांच्या साड्यांमधून वाट काढत रेवड्या खात होती. एवढ्यात माझ्या उघड्या दारात जयंत येऊन उभा राहिला. हातात दह्याचं भांडं, चेहरा पांढरा.

"देविका, चल. पेढ्याने बाबांना फाडलंय."

२

श्रीपादराव आतल्या खोलीबाहेरच्या पॅसेजमध्ये पडले होते. कपाळावर खोक, डाव्या मनगटाजवळ दातांच्या खुणा, स्वेटरची बाही कोपरापासून ओढून लांब झालेली. पेढा पलंगाखाली जाऊन बसला होता. त्याच्या तोंडाला रक्त लागलेलं होतं.

त्यांना दवाखान्यात नेलं, टाके घातले, कुत्र्याची इंजेक्शनं सुरू केली. दुसऱ्या दिवशी ते घरी आले ते आणखीच आक्रसून. आणि तोवर खाली गेटपाशी पेढ्याचा निकाल लागलाही होता.

निकाल लावणारे आमचे सेक्रेटरी गुणवंतराव. हातात सदैव वेताची काठी, डोक्यावर कानटोपी. पेढा त्यांना पाहिलं की लांबूनच भुंकायचा, ते काठी आपटायचे, आणि तो मागे सरकून आणखी भुंकायचा.

"मी पहिल्यापासून सांगत होतो," ते म्हणाले. "हा कुत्रा डेंजरस आहे. आज बापावर गेला, उद्या सोसायटीतल्या पोरांवर जाईल. बिल्कुल ठेवायचा नाही. म्युनिसिपालटीची गाडी बोलवा, नाहीतर सुई द्या."

"पेढाने नाही चावलं!" सलोनी ओरडली. ती तेव्हा दहाबारा वर्षांची असेल. "सच में, आजोबांना तो चावूच नाही शकत."

"बेटा, त्याच्या तोंडाला रक्त होतं."

"तो तर मला पाहून अपराध्यासारखा उभा होता," जयंत हळू आवाजात म्हणाला. "कान पाडलेले, पंजा वर. जणू माफी मागत होता. मलाही वाईट वाटतं, पण आता काय करणार?"

सलोनी माझ्याकडे बघत राहिली. मी तिच्या पाठीवरून हात फिरवला. दुसरं काय होतं माझ्या हातात?

माझी मोठी नणंद अहिल्या पशुवैद्य होती. सरकारी खात्यात मोठ्या हुद्द्यावर, लक्ष्मीबाई नगरात स्वतःच्या नावावरच्या क्वार्टरमध्ये एकटी राहायची. देविकेने मला विचारलं, "काकू, अहिल्याताई येतील का? गाडीवाले तारेचा फास टाकून ओढत नेतात म्हणे. निदान तिला त्रास न होता..." ती 'त्याला' म्हणायच्या ऐवजी 'तिला' म्हणून गेली, कारण तिचं लक्ष आत खिळून बसलेल्या सलोनीकडे होतं.

मी फोन लावला. वन्सं म्हणाल्या, "येते. पण चावलेल्या कुत्र्याला लगेच मारायचं नसतं म्हणून सांग त्या शहाण्यांना. पिसाळलेला आहे की नाही हे कळायला तो काही दिवस जिवंत लागतो."

त्या रिक्षावाल्याशी भांडतच उतरल्या. अंगात पुरुषी कोट, हातात काळी बॅग. सलोनी जिन्यातच त्यांच्या आडवी आली.

"डॉक्टर आजी, तुमच्या बॅगेत ती सुई आहे?"

"आहे," वन्सं म्हणाल्या.

३

पेढ्याला मागच्या बाल्कनीत बांधून ठेवलं होतं. वन्संनी त्याला हातसुद्धा लावला नाही. वेताचा मोडा ओढून त्याच्याकडे पाठ करून बसल्या, आणि शेंगा सोलून खात राहिल्या. मी दारात उभी राहून कंटाळले.

"त्याला तपासा ना, वन्सं."

"तपासतेच आहे. तो मला तपासतोय, ते मी ऐकतेय. तू मध्ये बोलू नकोस."

थोड्या वेळाने पेढा मागून आला, त्यांच्या कोटाचा वास घेतला आणि एक लांब निःश्वास टाकून त्यांच्या चपलेवर हनुवटी ठेवून पडला.

"पिसाळलेला दिसत नाही," त्या म्हणाल्या. "आता याच्या घरातली माणसं मला एकेक करून दाखव. बोलायचं काही नाही त्यांनी. फक्त आत यायचं."

पहिल्यांदा देविका आली. पेढा उठला आणि त्याचं सगळं अंगच हलायला लागलं, कंबर इकडून तिकडे. वन्संनी मान डोलावली.

मग गुणवंतराव. कमिटीचा माणूस हजर हवाच म्हणून ते आलेले. पेढ्याच्या पाठीवरचे केस उभे राहिले आणि तो मागे सरकत भुंकू लागला.

"बघा! बघा हा राक्षस!"

"काठी बाहेर ठेवून या."

"क्यों?"

"ठेवा तर."

ते काठी ठेवून आल्यावर पेढा दोनदा भुंकला आणि बसला. "त्याला तुम्ही आवडत नाही, पण ते तो तुमच्या तोंडावर सांगतो," वन्सं म्हणाल्या. "जो कुत्रा भुंकून 'लांब राहा' म्हणतो, त्याला अजून वाटत असतं की आपलं कुणी ऐकेल."

"त्याच्या आवडीनिवडीचा ठराव नाहीये, डॉक्टरबाई. आणि खरं विचाराल तर त्या सुरेखाला बोलवा. तिच्यावर तो नेहमी धावून जातो, मी डोळ्यांनी बघितलंय. पोरगी चोरून मारत असणार. त्या दुपारीसुद्धा ती घरात नव्हती म्हणते, कोण जाणे."

सुरेखा दारातच होती. तिचे डोळे भरून आले. "मी काहून मारू त्याले? मी गच्चीवर वाळवण आणि कपडे काढत होती. दादांनीच म्हटलं, जा, ऊन खाऊन ये."

ती एक पाऊल आत आली आणि पेढा खरोखरच तिच्यावर भुंकायला लागला. गुणवंतरावांनी विजयाने आमच्याकडे पाहिलं.

"आता नीट बघा," वन्सं म्हणाल्या. "तोंडाकडे नका बघू. कोपरं कुठे आहेत?"

पेढ्याने पुढची कोपरं फरशीला टेकवली होती. मागचा भाग वर, शेपटी हवेत, तोंड सैल उघडं. भुंकायचा, उडी मारून बाजूला व्हायचा, पुन्हा कोपरं टेकवायचा.

"हा धावून जात नाहीये. खेळायला चल म्हणतोय. चोरून मारणाऱ्या माणसापुढे कुत्रा असा पार्श्वभाग वर करून उभा राहत नाही."

सुरेखा रडता रडता हसली. पदराचं टोक तिने हलवलं मात्र, पेढा ते पकडायला धावला. त्याने ते दातांत धरलं, इतकं अलगद की सुताचा धागाही निघाला नाही.

वन्संनी शेंगांची टरफलं मुठीत गोळा केली. "वीणा, मला त्या म्हाताऱ्यांचा हात बघायचाय," त्या म्हणाल्या. "आत्ता. जयंत यायच्या आत."

४

श्रीपादराव खिडकीशी खुर्चीत होते. मी त्यांना वर्षानुवर्षं ओळखत होते. सोसायटीची घटना त्यांनी लिहिली होती, गणपतीत खड्या आवाजात आरती म्हणायचे. आता ते डोळ्यांनी बघत, आणि त्या डोळ्यांना काय म्हणायचंय हे आम्हाला समजत नसे. आम्ही आपलं मोठ्याने बोलायचो, जणू त्यांना ऐकूच येत नाही.

वन्संनी त्यांची परवानगी विचारली. त्यांनी पापणी हलवली. तेवढंही आम्ही कुणी आजवर विचारलं नव्हतं.

मनगटावरच्या खुणा उथळ होत्या. "रागाने चावलेला कुत्रा खोल भोकं पाडतो, झटका देऊन मांस फाडतो," वन्सं म्हणाल्या. "हे पुढच्या दातांचं काम आहे. बाही धरून ओढताना खालची कातडी सापडली. आत्ता पदर धरला ना, तसं." मग त्यांनी स्वेटरची बाही वर, खांद्यापर्यंत सरकवली. दंडावर निळेजांभळे डाग होते. एका बाजूला ओळीने, दुसऱ्या बाजूला एकच.

वन्संनी आपली बोटं त्या डागांवर धरली. ती बरोब्बर बसली, फक्त त्यांचा हात लहान पडला.

देविका मागे उभी होती. ती पटकन म्हणाली, "उचलताना होतं असं. त्यांना खूप लवकर काळंनिळं होतं."

"होतं," वन्सं म्हणाल्या. "त्या दिवशी यांना कुणी जेवू घातलं?"

"मी मऊ भात झाकून ठेवून गेले होते. जयंत भरवणार होता. पण बाबा झोपलेलेच होते, त्यामुळे जेवले नाहीत, असं म्हणाला तो. तसाच दही आणायला गेला आणि आला तर हे."

"नाही जी," सुरेखा म्हणाली. "ताट तर धुऊन पालथं घातलेलं होतं ओट्यावर. मी गच्चीवरून धावत आली तवा पाहिलं. मले वाटलं, दादांनी भरवलं."

"जयंत ताट धुतो?" मी न राहवून विचारलं. देविकेने माझ्याकडे असं पाहिलं की मी गप्प झाले.

वन्सं बाहेर गेल्या. मुख्य दाराच्या आतल्या बाजूला रंग खरवडलेला होता, खालच्या अंगाला, ताजा. गुणवंतराव अजून तिथेच घुटमळत होते.

"तुम्ही त्या दुपारी या दाराशी आला होता का?"

"आलो होतो, कंप्लेंट द्यायला. बेल दाबली, कुणी उघडलं नाही. आतून हा कुत्रा रडत होता, दार खरवडत होता. मी म्हटलं, घरात कुणी नाही, बोअर होत असेल. परत गेलो." माझ्याकडच्या हळदीकुंकवाच्या गलक्यात आम्हाला समोरून काही ऐकू आलं नव्हतं.

"रडत होता. भुंकत नव्हता? तुमच्या काठीचा वास येऊनही?"

गुणवंतराव विचारात पडले. "नाही," ते म्हणाले. "अजीबच आहे. त्या दिवशी भुंकला नाही."

वन्संनी पेढ्याची दोरी सोडली. तो तडक आतल्या खोलीत गेला आणि श्रीपादरावांच्या पायाशी बसला. त्यांचा डावा हात त्याच्या डोक्यावर गेला, तळवा खाली, बोटं सैल. ते आम्ही बघत होतो आणि खाली कंपनीच्या गाडीचा दरवाजा लागल्याचा आवाज आला.

पेढ्याने जांभई दिली. लगेच दुसरी. मग जिभेने नाक चाटलं.

"झोप आलीय त्याला," देविका म्हणाली.

"नाही," वन्सं म्हणाल्या.

५

जयंत हसतमुखाने आत आला. टाय सैल केलेला, हातात वडिलांसाठी संत्री. "अहिल्याताई, तुम्हाला फार त्रास दिला. झालं का?"

आणि पेढ्याने नमस्कार केला.

मी तो शेकडो वेळा पाहिला होता. कान मागे, अंग खाली, ओठ मागे ओढलेले, एक पंजा वर. त्या दिवशी मी वन्संसारखी तोंड सोडून बाकी सगळं बघितलं. शेपटी हलत होती, पण पोटाखाली घेऊन, फक्त टोक. मान जयंतकडून वळवलेली आणि डोळे मात्र तिरपे त्याच्यावर, इतके की कडेचा पांढरा भाग दिसत होता. उचललेला पंजा थरथरत होता.

"पाहिलंत?" जयंत म्हणाला. "त्या दिवशीही अगदी असाच उभा होता. अपराध कळतो हो मुक्या जनावराला."

"त्या दिवशी असा उभा होता म्हणजे तो अपराधी, तर मग रोज असा उभा राहतो तो कसला अपराध केलेला असतो?" वन्संनी विचारलं.

जयंत हसला. "रोजचा तर आदर आहे."

"कुत्र्याला आदर नसतो, जयंत. त्याला माणूस बरा वाटतो किंवा भीती वाटते. तो असा वाकून, पंजा उचलून सांगतो, मी लहान आहे, मी काही करणार नाही, मला मारू नका. देविकेला तो हे सांगत नाही. गुणवंतरावांच्या काठीलाही सांगत नाही, तिच्यावर भुंकतो. तुझ्यावर भुंकायची त्याची हिंमत होत नाही."

"काय बोलताय तुम्ही?"

"भाताचं ताट तू धुतलंस. बाबा झोपले होते तर ते रिकामं कसं झालं? सुरेखाला गच्चीवर पाठवून तू भरवायला बसलास. त्यांनी घास गिळला नसेल, थुंकला असेल. तू दंड धरून हलवलंस. ते खुर्चीवरून पडले. तू ताट धुतलंस, आणि त्यांना तसंच ठेवून बाहेर निघून गेलास. हे पॅसेजपर्यंत एका हाताने सरपटत आले आणि हा कुत्रा बाही धरून ओढत होता. मध्येच जाऊन दार खरवडत होता. कपाळाचं रक्त चाटत होता. मग तू दही घेऊन आलास."

जयंतने संत्री टेबलावर ठेवायला हात पुढे केला. टेबल वडिलांच्या खुर्चीजवळ होतं.

श्रीपादरावांचा डावा हात वर गेला. कपाळापर्यंत. मघाशी कुत्र्याच्या डोक्यावर होता तोच हात. आता कोपर चेहऱ्यासमोर आलं होतं आणि तळवा बाहेर वळला होता. त्यांनी डोळे मिटून घेतले होते.

खाली पेढ्याचा पंजा, वर त्यांचा हात.

संत्री जमिनीवर घरंगळली. दारात सलोनी उभी होती. ती कधी आली आम्हाला कळलं नाही. बापाकडे एकदा बघून ती बाहेर गेली.

"मी मारत नाही त्यांना," जयंत म्हणाला. "एकदोनदा झालं असेल. ऑफिसात दिवसभर ते लोक रक्त पितात, इथे आलो की यांचं सुरू. घास तोंडात धरून बसतात. मुद्दाम करतात. मला माहितीय, मुद्दाम करतात. मी सोडून कोण करतंय यांचं? सांगा ना, कोण करतंय? तुम्ही सगळे येता, 'जयंतसारखा मुलगा नाही' म्हणता आणि तिळगूळ खायला जाता."



६

पहिल्यांदा बोलले ते गुणवंतराव. घसा खाकरून म्हणाले, "हे पाहा, हा घरगुती मामला आहे. कमिटीपुढे विषय फक्त कुत्र्याचा होता. तो डॉक्टरबाई घेऊन जात असतील, तर आमची फाईल बंद."

देविका खाली बसून संत्री गोळा करत होती. मान वर न करता म्हणाली, "अहिल्याताई, न्या त्याला. प्लीज." मग फार हळू, "बाबांचं मी बघेन."

"तुला माहीत होतं?" वन्संनी विचारलं.

ती संत्री पुसत राहिली.

संध्याकाळी आमच्या घरी वन्सं आणि माझे यजमान विश्वनाथ यांचं जोरात वाजलं. "पोलिसात जा," वन्सं म्हणाल्या. "काय सांगू जाऊन?" हे म्हणाले. "कुत्र्याने पंजा उचलला म्हणून? श्रीपादरावांना बोलता येत नाही, लिहिता येत नाही. बायको बोलणार नाही. आणि समजा त्याला नेलं धरून, तर उद्या त्या म्हाताऱ्याला अंघोळ कोण घालणार, तू की वीणा?"

वन्सं पुन्हा समोरच्या घरी गेल्या. श्रीपादरावांपुढे बसून त्यांनी सरळ विचारलं, माझ्याकडे चलता का, क्वार्टर मोठं आहे. श्रीपादरावांनी आधी वन्संकडे पाहिलं, मग स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहिलं, जिथे जयंत भिंतीला टेकून उभा होता. त्यांनी डोळे मिटले आणि मान हलवली. नाही. आपल्या मुलाला ते सोडून जाणार नव्हते.

पेढा जिना उतरायला तयार नव्हता. पायरी पायरीवर थांबून वर बघत होता. सलोनीने त्याच्या गळ्यातली दोरी वन्संच्या हातात दिली, म्हणाली, "आजी, याला शेकहँड वगैरे करायला नका लावू हं."

रिक्षात बसताना वन्संनी ती काळी बॅग मांडीवर घेतली. "कुत्र्यासाठी मला बोलावलंत, मी आले," त्या म्हणाल्या. "माणसासाठी कुणाला बोलवायचं, वीणा, ते मला माहीत नाही."

रिक्षा धुक्यात गेली. वर पाहिलं तर खिडकीत श्रीपादराव होते, आणि त्यांच्या पायाशी आता कुणी नव्हतं.

त्यानंतर मी रोज संध्याकाळी काहीतरी निमित्त काढून समोर जायचे. कधी वाटीभर खीर, कधी वर्तमानपत्र. जयंत दार उघडायचा, "या काकू" म्हणायचा. श्रीपादराव नीट पुसलेले, भांग पाडलेले असायचे. मी त्यांच्या डोळ्यांत बघायचे. काही कळायचं नाही. कुत्र्याचं मला वन्संनी शिकवलं होतं. माणसाचं कुणी शिकवलं नाही.

श्रीपादराव होळीच्या सुमारास झोपेतच गेले. दिवसकार्याला सोसायटी लोटली होती. 'असा मुलगा मिळायला भाग्य लागतं' असं सगळे म्हणत होते. जयंत मान खाली घालून ऐकत होता, आणि त्याचे खांदे हलत होते. ते रडणं खरं होतं, एवढं मी सांगू शकते.

सुरेखा नागपूरला परत गेली. तिचं लग्न झालं, दुकान निघालं, दर संक्रांतीला तिचा फोन येतो. गुणवंतरावांनी गेटवर 'कुत्रे पाळण्यास मनाई' अशी पाटी लावली. ते जाऊन बरीच वर्षं झाली, पाटी अजून आहे, आणि तिच्याखाली गल्लीतले चार कुत्रे ऊन खात पडलेले असतात. जयंत गुडगावला मोठ्या घरात गेला, कंपनीचा संचालक झाला. आता निवृत्त आहे, त्याच्या गुडघ्यांचं ऑपरेशन झालंय. देविका त्याचं सगळं करते, त्याला कुणाच्या हाती सोपवत नाही. का, ते तिला ठाऊक. सलोनी नोएडात राहते. बापाला भेटायला जाते, पण मुलाला तिथे एकटं ठेवत नाही. विश्वनाथ गेले. मी त्याच फ्लॅटमध्ये आहे. गच्चीवरून आता यमुना दिसत नाही, मेट्रो जाताना दिसते.

अहिल्यावन्सं निवृत्त होऊन पुण्याला गेल्या आणि तिथेच वारल्या. पेढा त्यांच्याआधी गेला, चांगला म्हातारा होऊन. लक्ष्मीबाई नगरात असताना तो अंगणात पोट वर करून झोपायचा, पाहुण्यांकडे ढुंकून बघायचा नाही. त्याने पुन्हा कधी, कुणापुढे, पंजा उचलला नाही. आमच्या सोसायटीतलं कुणी तिकडे गेलं की परत येऊन सांगायचं, "अहिल्याताईंनी कुत्रा अगदी बिघडवून टाकला हो. साधा नमस्कारसुद्धा करत नाही."